रिपेअर करूनही तोच जॉइंट पुन्हा फेल होतो, तेव्हा काय तपासायचं

गॅस लाइनवर काम केलेल्यांना हा प्रकार नवीन नाही. वेल्ड केलेल्या जॉइंटची एक्सरे फिल्म येते, रिपोर्टमध्ये ‘पोरॉसिटी’ (वेल्डमध्ये अडकलेल्या वायूची भोकं) किंवा ‘एलओपी’ (वेल्ड तळापर्यंत न पोहोचणं) लिहिलेलं असतं, ग्राइंडर लागतो, वेल्ड भरलं जातं, पुन्हा फिल्म निघते आणि त्याच सेंटिमीटरवर पुन्हा काहीतरी दिसतं. असे दोन-चार जॉइंट झाले की रिपेअरचा टक्का वाढल्याची ओरड होते आणि वेल्डर बदलला जातो. कधी खरंच हाताचा दोष असतो. पण नवा वेल्डर आल्यावरही तोच दोष त्याच जागी आला, तर आपण चुकीच्या माणसाकडे बोट दाखवत होतो एवढंच सिद्ध होतं. मधल्या काळात आणखी जॉइंट बिघडलेले असतात ते वेगळंच.

रिपोर्टमधलं दोषाचं नाव आपल्याला फार कमी सांगतं. पोरॉसिटीची डझनभर कारणं असतात. दोष कुठे आला, कोणत्या पासमध्ये (वेल्डच्या कोणत्या थरात) आला आणि कोणाकोणाच्या जॉइंटला आला, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की कारणं दोन-तीनवर येतात. म्हणून ग्राइंडरला हात लावण्याआधी एक तक्ता करा.

आधी तक्ता, मग ग्राइंडर

फिल्म काढताना पाइपभोवती आकड्यांचा पट्टा लावलेला असतो. साधारण पद्धत अशी की शून्य पाइपच्या माथ्यावर आणि गॅसच्या प्रवाहाच्या दिशेने पाहताना आकडे घड्याळाच्या दिशेने वाढत जातात. गेल्या काही दिवसांचे सगळे फेल जॉइंट घ्या आणि प्रत्येक दोष घड्याळाच्या आकड्यात मांडा: बारा, तीन, सहा, नऊ. शेजारी वेल्डरचा नंबर, तारीख, रॉडचा बॅच, पाइपचा हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा नंबर) आणि जॉइंटचा प्रकार लिहा, म्हणजे सरळ पाइपला पाइप, पाइपला फिटिंग की टाय-इन (लाइनचे दोन तयार भाग जोडणारा जॉइंट).

दोष एकाच वेल्डरचे आणि पूर्ण परिघावर विखुरलेले असतील तर हात, करंट किंवा त्याचं मशिन तपासा. सगळ्यांचे असतील पण एकाच दिवसाचे असतील तर रॉड, ओलावा, वारा. सगळ्यांचे आणि सगळ्या दिवसांचे, पण फक्त सहाच्या आसपास असतील तर फिटअप (वेल्डआधीची पाइपांची जुळणी), पाइपमध्ये साचलेलं पाणी आणि दोन वेल्डर जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. फक्त टाय-इनला असतील तर ताण किंवा चुंबकत्व. फक्त फिटिंगच्या बाजूला क्रॅक असेल तर फिटिंगचं मिल सर्टिफिकेट (पोलादातल्या घटकांचा कारखान्याचा दाखला) मागवा, त्याचं कारण पुढे येईल.

एवढ्याने निम्मं काम होतं.

पोरॉसिटी: ओलावा कुठून येतोय

इथे सगळ्यात जास्त गोंधळ रॉडच्या बाबतीत होतो, कारण लाइनवर दोन अगदी विरुद्ध स्वभावाचे रॉड एकत्र वापरले जातात. ई-६०१०, ई-७०१०, ई-८०१० हे सेल्युलोजिक रॉड. यांच्या फ्लक्सला, म्हणजे रॉडवरच्या लेपाला, ठरावीक ओलावा लागतोच, त्यावरच त्यांचा आर्क जोर धरतो. हे रॉड ओव्हनमध्ये ठेवून कोरडे केले की आर्क बिघडतो आणि पोरॉसिटी येते. डबा बंद ठेवायचा आणि लागतील तेवढेच बाहेर काढायचे. ई-७०१८ सारखे लो-हायड्रोजन रॉड याच्या उलट. डबा फुटल्यावर ते सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या होल्डिंग ओव्हनमध्ये हवेत, वेल्डरच्या हाताशी गरम क्विव्हर (रॉड ठेवायचा डबा) हवा, आणि हवेत जास्त वेळ राहिले तर कंपनीने सांगितलेल्या तापमानाला पुन्हा भाजायला हवेत. बहुतेकदा हे ३०० ते ३५० अंशांच्या आसपास तास-दोन तास असतं. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवला म्हणून ओला रॉड कोरडा होत नाही. ते तापमान कोरडा रॉड कोरडा ठेवण्यापुरतं आहे. आणि दोन्ही रॉड एकाच ओव्हनमध्ये दिसले तर तिथेच थांबा, कारण सापडलं.

७०१८ मध्ये पोरॉसिटी जर प्रत्येक स्टार्टलाच येत असेल आणि बाकी वेल्ड स्वच्छ असेल, तर रॉड कदाचित ठीक आहे. आर्क लागल्यावर पहिल्या क्षणी वायूचं कवच तयार झालेलं नसतं. जिथून सुरुवात करायची त्याच्या सेंटिमीटरभर पुढे आर्क मारायचा, लगेच मागे यायचं आणि मग त्यावरूनच पुढे जायचं, म्हणजे पहिला बिघडलेला थेंब पुन्हा वितळतो. आर्क लांब धरण्याची सवय असेल तर ती या रॉडला चालत नाही.

टिग किंवा मिगने, म्हणजे बाहेरून गॅसचं कवच देणाऱ्या पद्धतीने, रूट (सगळ्यात आतला पहिला पास) मारत असाल तर पहिला संशय वाऱ्यावर घ्या. ताशी ८ किलोमीटरचा वाराही शील्डिंग गॅस उडवायला पुरतो, म्हणजे झाडाची पानं हलवणारी झुळूक. त्यावर गॅसचा फ्लो वाढवणं हा उलटा उपाय आहे. फ्लो फार वाढला की नोझलच्या तोंडाशी गॅस घुसळला जातो आणि स्वतःच हवा आत ओढतो. तंबू लावा. आणि एक वारा बाहेरून दिसत नाही: दोन्ही टोकं उघडी असलेल्या लांब पाइपमधून हवा वाहत असते आणि ती थेट रूटच्या फटीतून बाहेर पडते. बाहेर तंबू असूनही रूटमध्ये भोकं पडत असतील तर पाइपची टोकं झाका. मात्र शेवटच्या क्लोजिंग जॉइंटला दोन्हीकडून ठार बंद करू नका. आत तापलेली हवा फुगते आणि शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये वितळलेला धातू फुंकून बाहेर टाकते. एक छोटी वाट मोकळी हवी.

दोष फक्त सहावर आणि टाय-इनला असेल तर पाइपमध्ये हायड्रोटेस्टचं (पाण्याच्या दाबाच्या चाचणीचं) पाणी उरलंय का ते पाहा. उतारावरून ते जॉइंटपर्यंत हळूहळू येत राहतं. सकाळी कोरडा दिसलेला बेव्हल (पाइपची तिरकी कापलेली कड) वेल्डिंग सुरू होईपर्यंत ओला झालेला असतो. प्रीहीटचा (वेल्डआधी पाइप गरम करण्याचा) बर्नर लावल्यावरही थंड पाइपवर आधी पाणी धरतं, कारण ज्योतीतून निघणारी वाफच तिथे जमते. ती ओल पूर्ण उडेपर्यंत गरम करायचं. ‘बर्नर फिरवला’ एवढ्याला प्रीहीट म्हणत नाहीत.

फिल्मवर रूटच्या मधोमध एकच लांब काळी रेघ दिसली तर ती पुष्कळदा एलओपी म्हणून लिहिली जाते, पण ती हॉलो बीड असू शकते. रूटच्या आत वायू अडकून पोकळ बोगदा झालेला असतो. कडा गोलसर असतात, तर एलओपीच्या रेघेची धार सरळ, बेव्हलच्या कडेसारखी असते. हॉलो बीड सेल्युलोजिक रॉड जास्त करंटवर फार वेगाने खाली ओढल्यावर येतो. इथे चुकीचं नाव महागात पडतं, कारण एलओपी समजून करंट आणखी वाढवला की हॉलो बीड आणखी वाढतो.

रूट: हात दिसतो, पण फिटअप बोलत असतं

सेल्युलोजिक रॉडने वरून खाली मारताना साधारण १.६ मिलिमीटर गॅप, तेवढाच रूट फेस (बेव्हलच्या तळाची सपाट कड) आणि प्रत्येक बाजूला ३० अंशांचा बेव्हल ठेवतात. डब्ल्यूपीएसमध्ये (कामाच्या ठरवून दिलेल्या वेल्डिंग पद्धतीच्या कागदात) आकडा वेगळा असेल तर तोच खरा. एका बाजूला गॅप नीट आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेला असेल तर चिकटलेल्या बाजूला पेनिट्रेशन येणार नाही, वेल्डर कितीही चांगला असो. हाय-लो, म्हणजे दोन पाइपांच्या कडा वरखाली, जिथे असेल तिथे रूट एका कडेवर बसतो आणि दुसरी कड तशीच राहते. एपीआय ११०४ या पाइपलाइन वेल्डिंगच्या मानकात सारख्या जाडीच्या पाइपांसाठी हाय-लो ३ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलंय, पण तो सगळा एकाच जागी जमू न देता परिघावर वाटला पाहिजे. पाइप थोडे अंडाकृती असतातच. फिटरने एक पाइप फिरवून पाहिला तर पुष्कळदा हाय-लो निम्म्यावर येतो. या पाच मिनिटांचा कंटाळा केला की पुढे अर्धा दिवस रिपेअरमध्ये जातो.

बर्न-थ्रू (धातू आरपार वितळून पडलेलं भोक) आणि आतला खळगा बहुधा सहाच्या आसपास दिसतो, कारण तिथे डोक्यावरचं वेल्डिंग असतं आणि वितळलेला धातू आतून खाली लोंबतो. तिथेच दोन्ही वेल्डरांचे रूट येऊन मिळतात. दुसऱ्याने पहिल्याचा शेवट ग्राइंडरने पातळ करून घेतला नाही तर त्या जोडात एलओपी ठरलेली.

अंडरकटबद्दल, म्हणजे वेल्डच्या कडेला पडणाऱ्या खाचेबद्दल, फार लिहिण्यासारखं नाही. करंट कमी, आर्क आखूड, कडेला क्षणभर थांबा. ०.४ मिलिमीटरपर्यंत खोली असलेला अंडरकट एपीआय ११०४ चालवून घेतं, ०.८ च्या पुढे नाही, आणि पाइप पातळ असेल तर भिंतीच्या साडेबारा टक्क्यांची अट आधी लागू होते.

स्लॅग आणि फिल्मला न दिसणारा एलओएफ

फिल्मवर रूटच्या दोन्ही अंगांना समांतर, तुटक रेघा म्हणजे रूट बीडच्या कडेला अडकलेला स्लॅग (फ्लक्सचा गोठलेला मळ). रूटचा माथा फुगीर राहिला की कडेला खोल खाच पडते आणि स्लॅग तिथे जाऊन बसतो. ग्राइंडरने तो माथा सपाट करा, पण रूट पातळ होईल इतकं घासू नका. मग हॉट पास (रूटवरचा दुसरा थर) पुरेशा करंटवर लगेच मारा. नावाप्रमाणे तो गरम असायला हवा, उरलेला स्लॅग वितळवून वर आणणं हेच त्याचं काम. रूट आणि हॉट पासमध्ये किती वेळ चालतो ते डब्ल्यूपीएसमध्ये लिहिलेलं असतं. सेल्युलोजिकला अनेक ठिकाणी तो पाचेक मिनिटांचाच असतो, आणि त्यामागचं मोठं कारण क्रॅक आहे.

एलओएफ हा वेगळाच चकवा आहे. बेव्हलच्या भिंतीला धातू नुसता टेकलेला असतो, मिसळलेला नसतो. मधली फट कागदापेक्षा पातळ आणि एक्सरेच्या किरणाला तिरकी, त्यामुळे फिल्म स्वच्छ दिसते. मिगच्या शॉर्ट-सर्किट पद्धतीत हा दोष विशेष येतो. म्हणून मिगचे जॉइंट फक्त फिल्मवर पास करणं मला पटत नाही. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची तपासणी) लावल्यावर अचानक रिपेअरचा टक्का वाढला, तर काम बिघडलं असा अर्थ काढू नका. दोष आधीपासून होता, तो आता दिसतोय.

क्रॅक

बाकी दोषांना लांबी-रुंदीची सूट असते. क्रॅकला नाही. एपीआय ११०४ फक्त कॅपवरच्या (सगळ्यात वरच्या थरावरच्या) उथळ, ४ मिलिमीटरपर्यंतच्या क्रेटर क्रॅकला (आर्क तोडल्याच्या खळग्यातल्या चिरेला) माफी देतं, बाकी प्रत्येक क्रॅक रिजेक्ट.

क्रॅक कधी दिसला आणि कुठे दिसला हे आधी विचारा. वेल्डच्या मधोमध, थंड होता होताच आलेला क्रॅक बहुतेक वेळा गोठतानाचा असतो: बीड फार खोल आणि अरुंद, गंधक-फॉस्फरस जास्त, किंवा रूट कच्चा असताना पाइप हलला. वेल्डच्या कडेला, उष्णतेने बदललेल्या पट्ट्यात, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेला क्रॅक हायड्रोजनचा. त्याला तीन गोष्टी एकदम लागतात: धातूत हायड्रोजन, कडक झालेली रचना आणि ताण. यातली एक काढली तरी क्रॅक थांबतो.

हायड्रोजन रॉडमधून येतो. सेल्युलोजिकमध्ये तो भरपूर असतोच, म्हणून रूटनंतर हॉट पास लवकर मारायचा: त्या उष्णतेने हायड्रोजन बाहेर पडतो आणि रूटचा कडकपणा उतरतो. जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत रूट मारून ठेवलेल्या जॉइंटवर म्हणूनच लक्ष ठेवा. एक्स-६५, एक्स-७० सारख्या जास्त ताकदीच्या पाइपला किंवा जाड भिंतीला हॉट पासपासून पुढे लो-हायड्रोजन रॉड वापरणं मला जास्त सुरक्षित वाटतं, वेग थोडा गेला तरी.

कडकपणा पोलादाच्या घटकांवर आणि थंड होण्याच्या वेगावर ठरतो. मिल सर्टिफिकेटवरून कार्बन इक्विव्हॅलंट (पोलाद किती कडक होईल याचा अंदाज देणारा आकडा) काढा: कार्बन, अधिक मँगेनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग, अधिक निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा भाग. आधुनिक लाइन पाइपला कार्बन कमी असतो आणि हा आकडा नेहमीच्या पीएसएल-२ दर्जाच्या पाइपला ०.४३ च्या आत ठेवलेला असतो. पण त्याच पाइपला जोडलेली ए-१०५ पोलादाची फोर्ज्ड (घडीव) फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची कडी, घ्या. तिच्यात कार्बन ०.३५ टक्क्यांपर्यंत चालतो आणि ती जाडही असते, त्यामुळे उष्णता पटकन ओढून घेते. पाइपच्या हिशोबाने केलेला प्रीहीट तिला अपुरा पडतो. क्रॅक प्रत्येक वेळी फिटिंगच्याच बाजूला येण्याचं हे नेहमीचं कारण. प्रीहीट कडक आणि जाड बाजू पाहून ठरवायचा, आणि टेंपस्टिक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) ज्योत लागलेल्या जागी न लावता बेव्हलपासून ७५ मिलिमीटर अंतरावर, पूर्ण परिघावर लावून पाहायची.

ताण मुख्यतः हाताळणीतून येतो. बाहेरचा क्लॅम्प रूटचा किमान अर्धा भाग परिघावर सारखा वाटून झाल्याशिवाय काढायचा नाही, आणि आतला क्लॅम्प रूट पूर्ण होईपर्यंत ठेवलेला बरा. रूटवरच पाइप उचलून स्किड (पाइपखालचे टेकू) सरकवणं, किंवा टाय-इनला जॉइंट जुळवण्यासाठी साइडबूमने (पाइप उचलायच्या यंत्राने) पाइप ओढून धरणं, हे दोन प्रकार मी कधीच चालवून घेत नाही. ओढून जुळवलेला जॉइंट रिपेअरलाही ओढलेलाच राहतो. म्हणूनच टाय-इनचा क्रॅक रिपेअर करूनही परत येतो.

तपासणीची वेळही महत्त्वाची. हायड्रोजनचा संशय असेल तर वेल्ड संपल्यावर लगेच काढलेल्या फिल्मवर विसंबू नका. ४८ तास थांबा आणि पृष्ठभागासाठी एमपीआय (चुंबकीय कणांची तपासणी), आतल्या भागासाठी अल्ट्रासॉनिक करा.

चुंबकत्व: वेल्डरवर सगळ्यात खोटा आळ आणणारं कारण

आर्क एका बाजूला पळतो, थेंब उडतात, रूटची एकच कड वितळते. फिल्मवर एका कडेचा एलओएफ दिसतो आणि वेल्डरचं नाव लागतं. चालू लाइन कापून टाय-इन करताना हे फार होतं, कारण आतून चुंबकीय तपासणीचा पिग (लाइनमधून फिरणारं यंत्र) गेलेला असतो. चुंबकीय क्रेनने उचललेल्या किंवा एमपीआय केलेल्या पाइपलाही चुंबकत्व राहतं. गॉसमीटर (चुंबकत्व मोजणारं यंत्र) लावा, पण फिटअप झाल्यावर, गॅपमध्ये. उघड्या टोकाला किरकोळ वाटणारं क्षेत्र दोन टोकं समोरासमोर आली की गॅपमध्ये एकवटतं. साधारण २० गॉसच्या पुढे त्रास सुरू होतो आणि ४० च्या पुढे नीट रूट मारणं जवळपास अशक्य. टिगला त्याच्या कितीतरी आधी जाणवतं.

उपाय साधा आहे. जॉइंटच्या बाजूला पाइपवर वेल्डिंग केबलचे वेढे घाला, दुसऱ्या मशिनमधून डीसी सोडा आणि गॉसमीटर पाहत करंट वाढवत जा. आकडा वाढला तर केबलची टोकं उलटी करा. रूटचा काही भाग झाला की उरलेल्या फटीतलं क्षेत्र बदलतं, म्हणून मध्ये पुन्हा मोजा. रूट पूर्ण झाला की हॉट पासला सहसा अडचण येत नाही.

एलएनजीच्या (द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) टाकीत ९ टक्के निकेलचं पोलाद वापरतात, कारण उणे १६२ अंशांना साधं पोलाद ठिसूळ होतं. हे पोलाद चुंबकत्व चटकन धरतं. तिथे चुंबकाने प्लेट उचलायचीच नाही, आणि एसीवर चालणारे निकेल रॉड मिळाले तर तेच घ्या. एलपीजीच्या गोल टाकीत मला जास्त काळजी तात्पुरत्या क्लीटच्या (जुळणीसाठी वेल्ड केलेल्या तुकड्यांच्या) खुणांची आणि इकडेतिकडे मारलेल्या आर्कच्या डागांची वाटते. त्या डागाखाली कडक ठिपका असतो, आणि गॅसमध्ये ओलसर हायड्रोजन सल्फाइड असेल तर क्रॅक तिथूनच सुरू होतो. डाग घासा, एमपीआय करा, जाडी मोजा, आणि हे सगळं स्ट्रेस रिलीव्हिंगच्या (ताण उतरवण्यासाठी टाकी तापवण्याच्या) आधी उरका. त्यानंतर टाकीच्या शेलला आर्क लागता कामा नये.

रिपेअर पुन्हा फेल का होतो

फिल्म दोषाची खोली सांगत नाही. रिपेअर करणारा अंदाजाने घासतो, दोषाचा वरचा भाग निघतो, खालचा राहतो. घासण्याआधी अल्ट्रासॉनिकने खोली घ्या, आणि घासल्यावर डीपीटी (रंगद्रवाची तपासणी) किंवा एमपीआय करून दोष संपल्याची खात्री झाल्याशिवाय रॉड लावू नका. कार्बन आर्कने गाउजिंग केलं (धातू वितळवून कोरला) असेल तर पृष्ठभागावर कार्बनचा कडक थर राहतो, तो एक-दोन मिलिमीटर ग्राइंड करून चमकता धातू दिसला पाहिजे. खाचेची टोकं उभी ठेवू नका, उतरती करा, नाहीतर त्या कोपऱ्यात नवा स्लॅग बसेल.

रूटचा दोष बाहेरून काढताना खाच आरपार जाते आणि तिथला गॅप मूळ फिटअपपेक्षा रुंद व वाकडा होतो. बर्न-थ्रू झाला तर नवल नाही. शिवाय आजूबाजूचं पूर्ण वेल्ड थंड आणि घट्ट, त्यामुळे आकुंचनाचा सगळा ताण त्या छोट्या पट्ट्यावर येतो. म्हणून रिपेअरचा प्रीहीट मूळ जॉइंटपेक्षा कमी कधीच नको, आणि तो फक्त खाचेपुरता न देता पुरेशा रुंदीला द्या. रिपेअरची पद्धतही स्वतंत्र पात्र ठरवलेली असली पाहिजे. एपीआय ११०४ मध्ये क्रॅकची एकूण लांबी वेल्डच्या ८ टक्क्यांच्या आत असेल तरच दुरुस्ती, अन्यथा जॉइंट कापायचा. माझा नियम याहून थोडा कडक आहे: रूटचा रिपेअर एकदा फेल झाला की पुन्हा तिथे ग्राइंडर नाही, जॉइंट कापून नवीन फिटअप. कापताना उष्णतेने बदललेला पट्टाही पूर्ण निघाला पाहिजे.

चालू लाइनवर स्लीव्ह (पाइपभोवतीचं पोलादी वेष्टण) किंवा ब्रँच (फाटा) लावताना यातले काही नियम बदलतात. आतून वाहणारा गॅस वेल्ड झपाट्याने थंड करतो, म्हणून कडकपणा आणि हायड्रोजन क्रॅकचा धोका वाढतो, विशेषतः फिलेटच्या (कोपऱ्यातल्या वेल्डच्या) टोकाशी. फक्त लो-हायड्रोजन रॉड, आणि पात्रता चाचणीही तशाच वेगाने थंड होणाऱ्या पाइपवर घेतलेली हवी. दुसरीकडे भिंत पातळ असेल तर आरपार वितळण्याची भीती. ६.४ मिलिमीटर किंवा जास्त जाडीला, लो-हायड्रोजन रॉडने नेहमीच्या पद्धतीत ती फारशी नसते. त्याखाली हीट इनपुट (वेल्डमध्ये जाणारी उष्णता) मोजून ठरवावा लागतो. जाडी कागदावरची धरू नका. जिथे आर्क लागणार त्या पूर्ण पट्ट्यावर अल्ट्रासॉनिक फिरवा, कारण आतून गंज असेल किंवा प्लेटमध्ये लॅमिनेशन (आतले थर सुटलेले) असेल तर ते तिथेच कळतं, आणि मग स्लीव्हची जागा थोडी सरकवणं हाच मार्ग उरतो.